चूल दिसेल अशा जागी

सहार विमानतळाच्या बाहेर बाबांनी माझी बॅग पुन्हा उघडायला लावली. वजन करून, चेन कशीबशी ओढून, वर नायलॉनची दोरी बांधून पुण्याहून आणलेली बॅग. साल २००३, सप्टेंबर महिना. मागे टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते, आई "अहो, आता काय राहिलं?" म्हणत कपाळाला हात लावून उभी होती आणि धाकटा महेश, बॅग परत बंद करायची पाळी आपल्यावरच येणार म्हणून, बाह्या वर करून तयार होता. बाबांनी खांद्यावरच्या पिशवीतून पंच्यात गुंडाळलेला एक नारळ काढला, माझ्या स्वेटरांमध्ये जागा केली आणि तान्हं मूल ठेवावं तसा तो अलगद आत ठेवला.

"बाबा, तिकडे नारळ मिळतात," मी म्हटलं. मला उशीर होत होता आणि रागही येत होता.

"मिळत असतील. हा फोडायचा नाही. स्वयंपाकघरात ठेव, चूल दिसेल अशा जागी."

बस्स, एवढंच. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि इंजिनांशी जेवढं बोलत तेवढंसुद्धा घरात बोलत नसत. आईचं उलट. कानटोपी घाल, पासपोर्ट सांभाळ, कुणी दिलेलं काही खाऊ नकोस, इथपासून तिने सुरुवात केली आणि मी आत शिरताना, माझ्या लहानपणापासून जे म्हणत आली होती, तेच शेवटी म्हणाली: "आणि केस बांधून राहा गं, नंदू."

हे लिहितेय ते तिकडे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या इकडे, इंग्लंडात आलेल्यांसाठीही. इकडची मराठी माणसं एकमेकांना भेटली की हवापाण्याच्या आधी विचारतात, "मूळचे कुठले?" बाकीच्यांना हा सोपा प्रश्न वाटतो. मला तो एवढा अवघड का गेला, ते सांगायचं तर आधी केसांचं सांगायला हवं.

माझे केस नुसते कुरळे नाहीत. कुरळे केस आईच्या मैत्रिणींच्या मुलींचे होते, लोक त्यांचं कौतुक करायचे. माझे म्हणजे भांडी घासायची तार, असं शाळेतल्या मुली म्हणायच्या. घट्ट वळ्यांचे, सोडले की डोक्याभोवती उभे राहणारे. रंग बाबांचा, नाक बाबांचं, ओठ बाबांचे. महेश आईवर गेला, सुटला. दर रविवारी सकाळी आई मला पाटावर बसवून डोक्यावर खोबरेल तेल थापायची आणि फणीने ओढून ओढून दोन वेण्या घालायची. फणीचे दात तुटायचे, मी रडायचे, मग तीही रडायची. वर्गात मला वेस्ट इंडीज म्हणत. आमच्या वर्गातल्या मुलांना क्रिकेटपलीकडे भूगोल येत नव्हता.

बाबांचं डोकं मात्र कायम तासलेलं. महिन्यातून दोनदा सलूनमध्ये जाऊन ते बारीक मशीन फिरवून घेत. त्यांच्या डोक्यावर केस कसे दिसतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आडनाव हळियाळकर. कुणी खोदून विचारलंच तर "कारवारकडचे" म्हणून विषय संपवत. आमच्या आडनावात गावाचं नाव होतं, माणसांचं नव्हतं.

त्या गावाकडे मी एकदाच गेले, सहा वर्षांची असताना, बाबांची आई वारली तेव्हा. हळियाळच्या पुढे, जंगलात, पंधरावीस घरांची वस्ती. तिथली सगळी माणसं माझ्यासारखी दिसत होती. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही; गाव म्हटलं की आपल्यासारखी दिसणारी माणसं असतात, अशी माझी समजूत झाली. एक आत्या होती, कपाळभर कुंकू लावणारी. तिने मला जवळ ओढलं, माझ्या दोन्ही वेण्या सोडल्या आणि केसांत बोटं घालून कितीतरी वेळ बसून राहिली. परतीच्या एसटीत आईने त्या वेण्या पुन्हा घातल्या आणि म्हणाली, "गावाकडचं गावाकडे. इथे कुणाजवळ बोलायचं नाही."

आईला दोष देऊ नका. ती सासवडची. घरच्यांच्या विरोधात तिने लग्न केलं, मामांनी तिचं तोंड पाहणं सोडलं, आणि माझ्या जन्मानंतर पुन्हा येणंजाणं सुरू केलं ते एका अटीवर: नवऱ्याच्या लोकांचा विषय काढायचा नाही आणि त्यांनी घरी यायचं नाही. बाबांनी ते कबूल केलं. बायकोला माहेर मिळावं म्हणून स्वतःची माणसं सोडली. हे सगळं मला फार नंतर कळलं.

कॉव्हेंट्रीत मी शिकायला आले आणि फोल्सहिल रोडच्या मागच्या गल्लीत, ओळीने चिकटलेल्या टेरेस्ड घरांपैकी एकात मला खोली मिळाली. खाली किचन, वर दोन बेडरूम. एक माझी, एक अबेनाची. अबेना नर्सिंगला होती. जन्म घानाचा, वाढली लंडनमध्ये, बोलणं एकदम तडकफडक. पहिल्या दिवशी दार उघडून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुठली तू? नायजेरिया? केनिया?"

"पुणे," मी म्हटलं.

"ते कुठल्या देशात येतं?"

बॅग उघडली तेव्हा कळलं की नारळ अगदीच हलका आहे, काळपट पडलाय आणि आत काहीतरी खुळखुळतंय. बाबांच्या गळ्यात कुणीतरी खराब माल मारला, अशी माझी खात्री झाली. तरी सांगितलं होतं म्हणून किचनच्या खिडकीत, हॉबच्या म्हणजे शेगडीच्या समोर ठेवला. अबेनाने तो कानाशी धरून हलवला. "हा गेलाय, बेब. बिनमध्ये टाक."

"वडिलांनी दिलाय."

तिने दोन्ही हातांनी तो परत जागेवर ठेवला. पुन्हा कधी टाकायचं नाव काढलं नाही. ओटा पुसताना त्याच्याभोवतीची जागा मात्र न चुकता पुसायची.

थंडी सुरू झाली तशी खोबरेल तेलाची बाटली थिजली. मी ती रेडिएटरवर ठेवून वितळवायचे आणि आईसारखंच ओढून ओढून वेण्या घालायचे. एका रविवारी फणी मोडली आणि मी बाथरूममध्ये मोठ्याने शिव्या दिल्या, मराठीत. अबेनाने दार ठोठावलं. मला खाली नेलं, सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "बस इथे, माझ्या पायाशी." तिने माझे केस भिजवले, रुंद दातांच्या कंगव्याने टोकापासून वर वर सोडवत गेली, कुठेही न ओढता. संध्याकाळपर्यंत बारीक बारीक वेण्या घातल्या. मध्येच म्हणाली, "कोण ओढत होतं गं हे असे? तुझ्या केसांशी कुणाचं भांडण होतं?" टीव्हीवर कुणाच्या तरी घराची सजावट चालली होती आणि मी तिच्या गुडघ्याला डोकं टेकून रडत होते. दुखत नव्हतं म्हणून रडत होते.

ऑक्टोबरात इकडे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात. अबेनाच्या कॉलेजातल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांच्या मंडळाने लायब्ररीत काही बोर्ड लावले होते. जेवण फुकट होतं म्हणून मी गेले. प्लेटमध्ये तिखट लाल भात घेऊन बघत फिरत होते. गुलामांच्या व्यापाराचा एक मोठा नकाशा होता. अमेरिकेकडे जाणारे जाड बाण माझ्या ओळखीचे होते. पण एक बारीक बाण उलटा निघाला होता, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून आमच्याकडे, कोकणात, गोव्यात, खाली कारवारपर्यंत. बाणाच्या टोकाशी एक फोटो. जंगलातली पायवाट, डोक्यावर लाकडांची मोळी, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कपाळभर कुंकू. खाली लिहिलं होतं: सिद्दी स्त्री, कर्नाटक. ती माझी आत्या नव्हती. पण आत्याचं नाक, आत्याचे खांदे, आत्याचं उभं राहणं.

मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असायला बंदी होती, ती त्या बोर्डासमोर उठली. आणि आधी दुःख नाही झालं, लाज वाटली. आपले वडील कोण, हे मला परमुलखातल्या लायब्ररीत पुठ्ठ्यावर वाचावं लागलं होतं. माझी माणसं जहाजात कोंबून आणलेली, विकलेली, मग कधीतरी निसटून त्या जंगलात शिरलेली. आणि आम्ही पुण्यात त्यांना "कारवारकडचे" म्हणत होतो.

अबेनाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे बघ, माझी माणसं पश्चिमेची, तुझी पूर्वेची. मध्ये अख्खा खंड आहे. लगेच गळ्यात पडू नकोस." आणि मग स्वतःच गळ्यात पडली.

रविवारी कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"बाबा, आपण सिद्दी आहोत ना?"

मग ते म्हणाले, "तिकडे थंडी पडली का गं?"

"बाबा, मी काय विचारतेय?"

"थांब, आईला देतो."

आईने सगळं ऐकलं होतं. "कशाला उकरून काढतेस, नंदू? एवढी वर्षं त्या माणसाने तोंडातून शब्द काढला नाही, आणि तू तिकडे जाऊन..."

"तिकडे जाऊन नाही, आई. मी जन्मापासून आहे."

तिने फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं जेवलीस का, झोपलीस का, एवढ्यावर आलं.

मग दिवाळी आली. मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. देशमुख काकू, ज्यांना कॉव्हेंट्रीत येऊन माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली होती, त्यांनी फोनवर माझं पुणेरी मराठी ऐकून मोठ्या हौसेने बोलावलं होतं. मी अबेनाने घातलेल्या वेण्या मोकळ्या सोडून, आईने दिलेली पैठणी नेसून गेले. दारात त्यांचा इथे जन्मलेला नातू होता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आजी, हा लेडी मराठी कसा बोलतो?"

काकू बिचाऱ्या लाल झाल्या. "अरे, ती आपलीच आहे, पुण्याची," म्हणत मला आत घेऊन गेल्या, ताटात चकल्या वाढल्या आणि मग राहवेना म्हणून हळूच विचारलं, "पण मूळची कुठली गं तू?"

मी पहिल्यांदाच सांगून टाकलं. "आम्ही सिद्दी, काकू. आमचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. कारवारकडच्या जंगलात वस्ती आहे आमची."

काकूंनी आणखी एक चकली वाढली. "अय्या! पण मराठी किती स्वच्छ बोलतेस!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी हातात चकली घेऊन थँक यू म्हटलं.

ख्रिसमसला अबेना मला तिच्या आईकडे लंडनला घेऊन गेली. जेवायच्या आधी तिच्या आईने किचनचं मागचं दार उघडलं, ग्लासातलं थोडं पेय बाहेर जमिनीवर ओतलं आणि गेलेल्यांची नावं घेतली. मला एकदम बाबा आठवले. वर्षातून एकदा, आई माहेरच्या जत्रेला गेली की बाबा एक छोटी बाटली आणत, स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या नारळासमोर झाकणभर दारू ठेवत आणि काहीतरी पुटपुटत. बाबा चोरून पितात, अशी माझी आणि महेशची समजूत होती. आईला सांगायचं नाही, असं आम्ही मोठ्या शहाणपणाने ठरवलंही होतं. ते आठवून मला हसू आलं. अबेनाच्या आईने मला कुठली, कोण, काही विचारलं नाही. ताट भरलं, पुढे सरकवलं आणि म्हणाली, "खा. हाडं दिसतायत तुझी."

मार्च महिन्यात एका दुपारी माझा मोबाइल वाजला. मागे बसचे आवाज. "नंदू, मी बोलतोय. बूथवरून." बाबांनी आयुष्यात मला पहिल्यांदाच आपणहून फोन केला होता, तोही आईच्या माघारी, इतके पैसे खर्चून.

"तो नारळ आहे ना?"

"आहे, बाबा. खिडकीत."

"चूल दिसते?"

"दिसते."

"तुझी आजी आहे त्यात," बाबा म्हणाले. "तिची आई, तिच्या आधीचे सगळे. हिरियारू म्हणतो आम्ही. थोरले. माणूस गेला की त्याला नावाने हाक मारून नारळात बसवायचं. मग तो घरातच राहतो. घरात काय शिजतंय, कोण जेवलं, कोण उपाशी राहिलं, हे त्याला दिसायला हवं. म्हणून चूल."

"मग घरी?"

"घरी आहे की," ते घाईने म्हणाले. मग घसा खाकरला. "नंदू, तिकडची ती माणसं, तुझी मैत्रीण वगैरे. ती तुला आपलं मानतात का?"

मी अबेनाच्या आईचं सांगितलं.

"न विचारता वाढलं?"

"न विचारता."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "पुण्यात आलो तेव्हा मालकीणबाई माझा ग्लास बाहेर ठेवायची. मुलांचं एवढं तरी सुटावं म्हणून गप्प राहिलो. चुकलंच असेल. मीटर पळतंय, ठेवतो."

फोन हातात धरून मी बस स्टॉपवर उभी राहिले. माझी बस आली, गेली. बाबांचं काही चुकलं नव्हतं हे सांगायला मी परत फोन केला तर बूथवाल्याने उचलला, गेले म्हणाला.

त्यानंतर एका रविवारी महेश फोनवर म्हणाला, "ताई, बाबांनी सलूनला जाणं बंद केलंय. केस वाढवतायत. आई नुसती कटकट करतेय." नोव्हेंबरात माझं ग्रॅज्युएशन होतं, बाबा एकटेच येणार होते, आईला विमानाची भीती. व्हिसाचे फोटोही केसांसकट काढले होते. "कसे दिसतात रे?" मी विचारलं. "तुझ्यासारखे," तो म्हणाला. "स्कॅन करून पाठवू?" मी नको म्हटलं. मला ते हीथ्रोवर, अरायव्हल्सच्या दारातून बाहेर येताना बघायचे होते.

ऑक्टोबरात बाबा वर्कशॉपमध्ये दुपारचा डबा खाऊन भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत.

मला पोचायला दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली. त्यांनी माझ्यासाठी थांबवलं होतं. बाबा हॉलमध्ये होते आणि त्यांच्या डोक्यावर केस होते. पांढरे, दाट, घट्ट वळ्यांचे. माझेच केस. मी खाली बसले आणि त्यांत बोटं घातली, आत्याने माझ्या केसांत घातली होती तशी. किती मऊ होते ते. आम्ही उगीच तारा तारा म्हणत होतो.

मागून मामांचा आवाज आला. "न्हाव्याला बोलावलंय. दाढी-केस करून घेऊ, म्हणजे जरा नेहमीसारखे दिसतील."

आई कोपऱ्यात होती. "दाढी करा," ती म्हणाली. "केसांना हात लावायचा नाही."

"अगं, पण लोक..."

"दादा, केसांना हात लावायचा नाही."

दहाव्या दिवशी आत्या आली. बाबांच्या माणसांपैकी पहिल्यांदाच कुणी आमच्या घराचा उंबरा ओलांडत होतं. मामा उठून गॅलरीत गेले. आत्या म्हातारी झाली होती, कुंकू तेवढंच होतं. ती थेट स्वयंपाकघरात गेली. भावाला बोलावून थोरल्यांमध्ये बसवायला ती आली होती. फळीवरचा नारळ तिने हातात घेतला, हलवला आणि तिचा चेहरा बदलला.

"हे थोरले न्हवंत. ह्यो बाजारचा नारळ हाय. पानी वाजतंय ह्यात. थोरले कुठं हायत?"

महेश आईकडे बघायला लागला, आई फळीकडे. मला मात्र कॉव्हेंट्रीच्या खिडकीतला नारळ आठवला. हलका, काळपट, खुळखुळणारा. एका घराला एकच असतो.

"माझ्याजवळ," मी म्हटलं. "इंग्लंडात."

आत्याने डोळे मिटले. "पोर येकली परदेशात जातीय, तिच्या संगं कोन, म्हनून दिलं असंल त्यानं सगळ्यांस्नी," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. आई हळूच म्हणाली, "म्हणजे वर्षभर मी बाजारच्या नारळाला फूल वाहत होते?" ती फूल वाहायची हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेक बाबांनाही.

बाबांना आता बोलवायचं तर थोरले जिथे आहेत तिथेच, आणि ते मीच करायला हवं होतं. आत्याने मला समोर बसवून शिकवलं. अंघोळ करायची. त्यांना आवडायचं ते रांधायचं. थोडं ओतायचं. खरं नाव घ्यायचं, हळियाळकर नाही. "आनि केस सोडून बसायचं," ती म्हणाली. "बांधल्याल्या केसांची वळख पटत न्हाई थोरल्यांस्नी."

ग्रॅज्युएशनच्या समारंभात बाबांसाठी घेतलेल्या तिकिटावर अबेनाची आई बसली. दुसऱ्या दिवशी आमच्या त्या एवढ्याशा किचनमध्ये मी सुकटीची आमटी आणि भात केला. वासाने नाही पण धुराने स्मोक अलार्म वाजला आणि अबेना खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत बसली. तो थांबल्यावर मी केस सोडले. झाकणभर दारू नारळासमोर ठेवली. अबेना आणि तिची आई माझ्या मागे उभ्या राहिल्या. "लक्ष्मी सिद्दीचा रामा," आजीच्या नावासकट मी बाबांना हाक मारली, "ये. इकडे ये. मी नंदू." अबेनाच्या आईनेही तिच्या पद्धतीने त्यांचं नाव घेतलं, रामा, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. अर्थात काहीच झालं नाही. नारळ हलला नाही, दिवा फडफडला नाही. आम्ही तिघी जेवलो आणि मी भांडी घासली. नंतर खिडकी पुसताना नारळ उचलला तर तो मला आधीपेक्षा जड वाटला. उगीच वाटलं असेल. मला ते चालतं.

आता बेसिंगस्टोकला बिझनेस पार्कमध्ये नोकरी आहे, कौन्सिल टॅक्स आहे, कचऱ्याचा ब्राऊन बिन कधी आणि ग्रीन बिन कधी हे पाठ आहे. घर बदललं तेव्हा बाकीचं सामान व्हॅनने आलं, नारळ अबेनाच्या गाडीत माझ्या मांडीवर बसून आला. महेशच्या मुलीचे केस माझ्यावर गेलेत. आई तिलाही वेण्या घालते, पण सैल. आणि कुणी मला मूळची कुठली विचारलं तर मी आता सगळं सांगते, लोकांना घड्याळ बघायला लागेपर्यंत सांगते. पण घर कुठे, असं विचारलं तर पुण्याचं नाव घेववत नाही, हळियाळचं घ्यायचा हक्क वाटत नाही, आणि आफ्रिकेतलं तर ते गाव कुठलं हेच कुणाला माहीत नाही. विमानतळाच्या बाहेर, टॅक्स्यांच्या गोंगाटात, बाबांनी घर काढून माझ्या स्वेटरांमध्ये ठेवलं आणि मी त्यांच्यावर चिडले होते. त्यांना जाताना नीट नमस्कारही केला नाही, इतकी घाई होती मला.

या ऑक्टोबरात आई आली. विमानाची भीती घेऊनच आली. बाबा गेल्याचा तो दिवस होता. मी भात लावला, केस सोडले आणि नारळासमोर बसले. आई दारात उभी होती. मला वाटलं ती हॉलमध्ये जाऊन टीव्ही लावेल. ती आत आली, गुडघ्यांवर हात ठेवत माझ्या शेजारी खाली बसली, आणि मी कधी मोकळा पाहिला नव्हता तो अंबाडा तिने सोडला. सरळ, विरळ, पांढरे केस खांद्यावर आले. मग ती नारळाकडे वळली.

"अहो," ती म्हणाली. "केस वाढवलेले छान दिसत होते तुम्हाला. सांगायचं राहिलं."

समोर हॉबवर भात शिजत होता, त्यांना दिसेल असा.